पर्समधील फवारा आणि घरातील मौन

मुलीच्या पर्समध्ये मिरचीच्या फवाऱ्याची डबी ठेवली म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या कुटुंबांत रूढ होऊ पाहत आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी डबी, वाढदिवसाला डबी आणि महिला दिनी वक्त्यांचे भाषण आटोपल्यावर पुन्हा डबीच! या समजुतीला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही स्पष्ट शब्दांत नोंदवू इच्छितो.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास मात्र होऊ नये. स्वसंरक्षण हे पाप नव्हे. आपला जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे न्याय्य आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तेच स्वीकारले. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमेही तो हक्क मान्य करतात. तेव्हा अत्याचार सोसणाऱ्या मुलीला ‘दुसरा गाल पुढे कर’ असा उपदेश करणारे लोक शुभवर्तमानाचा आधार घेत नाहीत, गैरवापर करतात.

आमचा आक्षेप आहे तो, साधनावर सारी भिस्त टाकण्याला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना चाकू वाटले. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! विरारच्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या परिचारिकेने ते कोणत्या पगारातून घ्यावे? तिच्या वाट्याला स्वस्तातला फवारा येतो. तो डब्याच्या नि छत्रीच्या खाली रुतलेला असतो. वारा उलट असेल तर तो मारणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो; चाकू तर बळकट हाताने हिसकावला की तिच्यावरच उलटतो. शेवटच्या भोजनानंतर शिष्यांनी दोन तलवारी पुढे केल्या, तेव्हा प्रभूने तो विषय तिथेच थांबवला आणि त्याच रात्री तलवारीने तुटलेला कान स्वतः बरा केला, हे संत लूक आपल्याला सांगतो.

परंतु खरी गोष्ट याहून कटू आहे. फवारा हा अनोळखी माणसासाठी असतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाची वर्षानुवर्षांची आकडेवारी पाहिली, तर बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. काकांवर फवारा कोण मारील? शिकवणीच्या सरांवर, शेजारच्या दादावर, होणाऱ्या नवऱ्यावर कोण मारील?

संत मरिया गोरेटीचे उदाहरण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात हमखास देतो. ५ जुलै १९०२ रोजी तिच्यावर वार झाले, तेव्हा ती अवघ्या अकरा वर्षांची होती. हल्लेखोर आडरस्त्यावरचा दरोडेखोर नव्हता. त्याच घरात राहणाऱ्या शेजारच्या कुटुंबातला तरुण होता. त्याने आधीही तिचा पिच्छा पुरवला होता आणि धमकीच्या धाकाने तिने ते आईला सांगितले नव्हते. तिच्या शुद्धतेवर नि क्षमेवर आम्ही धर्मगुरू प्रवचने देतो. तिला गप्प राहावे का लागले, यावर किती जण बोलतो?

तेच मौन आजही आपल्या घराघरांत नांदते आहे. ‘बोलू नकोस, लग्न जमायचे आहे’, ‘आळीत तोंड दाखवता येणार नाही’, ‘तोही आपलाच माणूस ना!’ ही वाक्ये उच्चारणारे आईबाप मुलीला डबी देतात आणि तिची जीभ काढून घेतात. बालकांच्या बाबतीत तर हे मौन कायद्याचाही भंग आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मग आरोपी घरातला असो, गायनवृंदातला असो वा आमच्यासारखा झगा घातलेला असो. पोप फ्रान्सिस यांनीही मे २०१९ मध्ये धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर, अशी प्रकरणे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले. धर्मग्रामाची अब्रू झाकण्यासाठी लेकराचा बळी देणे, याला श्रद्धा म्हणत नाहीत.

म्हणून पालकहो, डबी द्यायची तर अवश्य द्या. ती कशी वापरावी तेही शिकवा. ११२ आणि १०९८ हे क्रमांक तिला पाठ असू द्या. पण त्याआधी तिला एक शब्द द्या: तू कोणाचेही नाव घेतलेस, तरी आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू. आणि ज्या घरात मुलगा आहे, त्या घराने हेही ध्यानात घ्यावे, की दुसऱ्याच्या लेकीला फवारा बाळगावा लागतो तो आपल्याच लेकाच्या भयाने. त्याला माणूस म्हणून वाढवणे, हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.