भाकरीची चिंता आणि शेजाऱ्याची काळजी



रावेतहून चाकणला पहिल्या पाळीसाठी निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी बसतात. एकाला घराच्या हप्त्याची धास्ती, दुसऱ्याला करार संपण्याची. स्वतःचंच भागत नसताना इतरांचं काय करणार, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. पण ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी बरे दिवस येण्याची वाट पाहिली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी आणलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली, मुलींना अक्षरओळखीसोबत छपाई आणि विणकाम शिकवलं. अनिश्चित काळात श्रद्धा टिकते ती अशी, कामाला लागून. सेवेआड धर्मांतर होतं, ही टीका त्यांच्यावर १८९३ सालीच झाली होती, आजही होते. तिला आमचं उत्तर एकच: मदतीला अट नसावी.

अशी विनाअट मदत शेजारापासूनच सुरू होते, म्हणून या अंकात आम्ही मोठ्या संस्थांऐवजी स्थानिक ख्रिस्ती मंडळीकडे पाहिलं आहे. शेजारच्या भाड्याच्या खोलीतल्या कामगाराचा पीएफचा अर्ज भरणं, त्याच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळवून देणं, हीसुद्धा उपासनाच आहे, असं आम्ही मानतो. तुम्हाला काय वाटतं? मतभेद असले तरी मोकळेपणाने लिहा.

– संपादक मंडळ