शॉपिंग नंतर, आधी वर बघा!

शॉपिंगला बाहेर पडलं की आपली नजर कुठे असते? काचेआडच्या पुतळ्यावरच्या टॉपवर, ‘सेल’च्या पाटीवर, नाहीतर हातातल्या मोबाइलवर. दुकानाच्या डोक्यावर काय आहे हे बघतो कोण? पण इंग्लंडमधल्या इप्सविचला कधी गेलात, तर ही सवय जरा बाजूला ठेवा. लंडनहून ट्रेननं साधारण सव्वा तास. तिथल्या बटरमार्केट रस्त्यावर ‘एन्शंट हाउस’ नावाचं एक घर आहे. त्याच्यासमोर मान वर करायलाच लागते.

मूळ घर पंधराव्या शतकातलं, लाकडी सांगाड्याचं. १५६७ मध्ये ते जॉर्ज कॉपिंगनं घेतलं. हा गृहस्थ कापडाचा आणि मासळीचा व्यापारी! त्याच्यानंतर आलं स्पॅरो घराणं. आज आपण बघतो तो भन्नाट लूक याच घराण्याच्या काळातला, १६६० नंतरचा. चुना, वाळू आणि जनावरांचे केस यांचा गिलावा करून त्यात उठावाची चित्रं घडवायची, याला म्हणतात पार्जेटिंग. सफोक भागाची ही खासियत. इथे तर कारागिरांनी सगळी हौस भागवून घेतलीय. मधोमध राजा दुसरा चार्ल्स याचं राजचिन्ह आणि पुढे झुकलेल्या खिडक्यांखाली चक्क चार खंड! युरोपाजवळ चर्च, आशियाजवळ घुमट, आफ्रिकेजवळ मगर आणि अमेरिकेच्या हातात तंबाखूचा पाइप. ऑस्ट्रेलियाचा पत्ताच नाही, कारण कॅप्टन कुकचं जहाज तिथं पोचलं १७७० मध्ये.

म्हणजे बघा, आपला आशिया त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो एवढाच, एक घुमट! गंमत वाटते, थोडं टोचतंही. पण त्या काळच्या इंग्लिश माणसाच्या डोक्यातलं जग कसं होतं, हे त्या भिंतीइतकं सरळ क्वचितच कुणी सांगेल.

त्या खिडक्या तर पुढे फॅशनच झाल्या. नॉर्मन शॉ या नामवंत आर्किटेक्टनं १८७० च्या दशकात लंडनमधल्या आपल्या इमारतींना याच धाटणीच्या खिडक्या दिल्या.

आणि या घरात पुढे काय झालं? दुकान! कित्येक वर्षं पुस्तकांचं, नंतर किचनवेअरचं. चारशे वर्षं जुन्या छताखाली केकचे साचे! नाक मुरडू नका. घर व्यापाऱ्यांचंच होतं आणि ती नक्षीही शेवटी ‘बघा आमचा थाट’ असं सांगणारी जाहिरातच. १९८० च्या सुमारास ते नगरपालिकेकडे आलं, मोठी डागडुजी झाली. वारसा यादीत त्याला पहिली श्रेणी आहे, त्यामुळे दुकानदाराला मनाला येईल ती तोडफोड करता येत नाही.

ही अट धंद्याला जाचक आहेच. पण भाडं येतं तेव्हाच गिलाव्याची निगा परवडते, आणि आत माणसांची ये-जा असली की गळकं छप्परही वेळेत कुणाच्या तरी लक्षात येतं. असं घर मरतं ते गिऱ्हाइकांच्या गर्दीनं नाही, रिकामेपणानं. जुनं घर वाचवायचा साधा फंडा हाच: त्याला काम द्या.

तेव्हा अशा दुकानात शिरलात, तर निदान एखादा चमचा तरी घेऊन या. तेवढाच त्या छताला हातभार!