चिनी मोटार आणि कोलाडचा नाका

मुक्त व्यापाराचे कीर्तन जगाला ऐकविणाऱ्या बुवांच्या हातून टाळ गळून पडले आहेत. अमेरिकेने २०२४ साली चिनी विद्युत मोटारींवरील जकात शंभर टक्क्यांवर नेली; युरोपीय संघाने त्याच वर्षी नेहमीच्या दहा टक्क्यांवर आणखी ३५ टक्क्यांपर्यंत कर लादला. कारण उघड आहे. १९९५ मध्ये बॅटऱ्या बनविण्यासाठी शेन्झेन येथे निघालेली बीवायडी २०२५ मध्ये विजेच्या मोटारींच्या विक्रीत टेस्लाच्या पुढे गेली. नफ्यावर पोसलेले पाश्चात्त्य मालक पेट्रोलला चिकटून राहिले आणि त्याची किंमत मोजतो आहे तो कामगार: फोक्सवागेनने जर्मनीतील ३५,००० नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करण्याचे ठरविले आहे. चीनला समाजवादाचे प्रशस्तिपत्र देण्याचीही घाई नको. तेथे स्वतंत्र कामगार संघटनेला मज्जाव आहे. परंतु बॅटरीपासून खनिजापर्यंत सारी साखळी त्या राज्यसंस्थेने वर्षानुवर्षे हेतुपूर्वक उभारली, हे नाकारून कसे चालेल?

आणि आपले राज्यकर्ते? जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेऊ पाहणाऱ्या ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी महाराष्ट्र शासनाने १५ जून २०२० रोजी सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानमध्ये आपल्या जवानांचे रक्त सांडले. करार थिजला तो थिजलाच. त्या डिसेंबरात कारखान्याचे उत्पादन थांबले, हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले. पुढे २०२३ साली ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला. यंत्रांना नवा मालक लाभला. माणसांना मात्र कामासाठी उपोषणास बसावे लागले. सीमेवरील शत्रूशी व्यवहार नको, हे एक वेळ मान्य. पण त्या देशभक्तीचा सारा भार कामगाराच्याच चुलीवर का?

शिवाय ही देशभक्ती तरी सरळ आहे काय? मेघा समूहाच्या भागीदारीत येथे मोटारी बनविण्याचा बीवायडीचा प्रस्ताव केंद्राने २०२३ मध्ये नाकारला. त्याच वर्षी एसटी महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्यांचे भाडेतत्त्वावरील कंत्राट त्याच मेघा समूहातील कंपनीला दिले, आणि या समूहाच्या ऑलेक्ट्रा गाड्या बीवायडीच्याच तंत्रज्ञानावर बनतात! पुढच्या दाराने हाकललेला चिनी पाहुणा मागच्या दाराने माजघरात. तोही वेळेवर नाही: गाड्या मुदतीत आल्या नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनाच कंत्राट रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले.

याच कोलाडहून कोकण रेल्वेने ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, खाजगी मोटारी वाघिणीवर चढवून गोव्यात वेर्ण्यास नेण्याची सोय केली. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. ज्या महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळले, त्याच्या खड्ड्यांतून मोटारवाल्यांची तेवढी सुटका! नाक्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या बाईला ना ती वाघीण उपयोगाची, ना चिनी मोटार, ना जर्मन. साथींनी रोहा आगारात जाऊन लेखी विचारावे: त्या ५,१५० गाड्यांपैकी आमच्या वाट्याच्या किती, आणि त्या चालविणारा चालक महामंडळाचा असेल की ठेकेदाराचा?