रॅमच्या टंचाईत अडकलेला विद्यार्थ्यांचा ‘असेंबल्ड’ संगणक

ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या लॅमिंग्टन रोडला लागले की प्रवेशाच्या हंगामात एक दृश्य हमखास दिसते. अभियांत्रिकीला नुकताच प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी, सोबत खिशाचा अंदाज घेत चालणारे वडील आणि हातात तीन-चार दुकानांची कोटेशन्स. प्रोसेसर एका दुकानातून, कॅबिनेट दुसऱ्यातून, मॉनिटर ओळखीच्या माणसाकडून. नव्वदच्या दशकापासून मराठी मध्यमवर्गाच्या असंख्य घरांत संगणक आला तो याच वाटेने. कंपनीचा तयार संगणक परवडत नसे. ‘असेंबल केलेला’ परवडत असे. शिवाय आज निम्मा घ्यावा आणि पुढच्या वर्षी, बोनस मिळाल्यावर, उरलेली भर घालावी ही सोय त्यातच होती.

२०२५ च्या उत्तरार्धात या हिशेबालाच धक्का बसला, आणि तोही ज्या भागाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे त्या भागाकडून. १६ जीबी डीडीआर-५ रॅमची जी स्टिक त्या वर्षाच्या मध्यात चार-पाच हजार रुपयांत मिळत होती, ती वर्ष संपता संपता दहा हजारांच्या पलीकडे गेली. पन्नास-साठ हजारांच्या संगणकात रॅम ही एरवी यादीत खाली कुठेतरी असणारी ओळ. ३२ जीबी घ्यायची म्हटली तर तीच ओळ आता प्रोसेसरच्याही वर जाऊन बसली. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडल्याने, आयातीवरच चालणाऱ्या या बाजारात भाववाढीची धार आणखी वाढली.

या महागाईचे मूळ लॅमिंग्टन रोडवर अर्थातच नाही. जगातील बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरना ‘एचबीएम’ नावाची, अनेक थर एकावर एक रचलेली अतिवेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवण्यासाठी डीडीआर-५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतो. कारखाने तेच, वेफरही मोजकेच; साहजिकच जिथे नफा अधिक तिकडे उत्पादन वळले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपन एआयने सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी केलेल्या प्राथमिक करारात दरमहा नऊ लाख वेफरपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. त्यानंतर डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. स्वतःच्या हाताने संगणक जुळवणाऱ्यांच्या किमान दोन पिढ्यांना हे नाव परिचयाचे होते. त्यामुळे या घोषणेतील व्यापारी अर्थ बाजाराला समजावून सांगण्याची गरज नव्हती: किरकोळ ग्राहक आता रांगेत शेवटचा.

अशा टंचाया यापूर्वीही आल्या आहेत. २०११ मध्ये थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा करोनाकाळात आभासी चलनाच्या ‘खाणकामा’ने ग्राफिक्स कार्डे गिळंकृत केली, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली तेव्हा ती मागणी जवळजवळ एका रात्रीत आटली आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. पूर ओसरतो आणि सट्टा थंडावतो, त्यामुळे ‘चार महिने थांबा’ हा दुकानदाराचा सल्ला तेव्हा शहाणपणाचा ठरला होता. या वेळी मागणी करणारे सटोडिये नसून जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्या आहेत आणि त्यांचे करार दीर्घ मुदतीचे आहेत. मेमरीचा नवा कारखाना उभारायला काही वर्षे लागतात. अमेरिकेतील आयडाहो येथे मायक्रॉन उभारत असलेल्या कारखान्यातून पहिले वेफर बाहेर पडण्याचे कंपनीचे उद्दिष्ट २०२७ मधील आहे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला थांबण्याचा सल्ला देणे म्हणजे निम्मा अभ्यासक्रम संपेपर्यंत थांब, असे सांगण्यासारखेच आहे.

मग त्याने करायचे काय? येथे असेंबल्ड संगणकाचा जुना गुण कामी येतो. आजचे लॅपटॉप उघडून पाहिले तर अनेकांत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच अखेरपर्यंत. डेस्कटॉपमध्ये ती स्लॉटमध्ये बसते. त्यामुळे महागाईच्या काळात रॅम कमी घ्यावी, मात्र ती पुढे वाढवता येईल असा मदरबोर्ड घ्यावा, ही जुनीच रीत पुन्हा उपयोगी पडते. दोन स्लॉटऐवजी चार स्लॉटच्या बोर्डाला पडणारे जादा पैसे एरवी चैन वाटतील. आज ते तसे नाहीत.

तथापि हे गणितही सरळ नाही. एएमडीचा ‘एएम-५’ सॉकेट २०२२ मध्ये आला. २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षी त्याच बोर्डावर अधिक ताकदीचा प्रोसेसर बसवता येण्याची शक्यता. पण या सॉकेटला फक्त डीडीआर-५ चालते. आधीचा ‘एएम-४’ स्वस्त आणि डीडीआर-४ वर चालणारा; मात्र त्याची वाट पुढे फारशी जात नाही. आणि डीडीआर-४ जुनी म्हणून स्वस्त असेल, हाही भ्रम. कंपन्यांनी तिचे उत्पादन आवरते घेतल्याने जून २०२५ मध्ये घाऊक बाजारात तिच्या काही चिपचा भाव डीडीआर-५ च्याही वर गेला होता.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न त्याहून नाजूक. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आणि थोडेफार ड्रॉइंग यापलीकडे काम नसते. त्यासाठी प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले ग्राफिक्स पुरेसे ठरते आणि कार्डाचे वीस-तीस हजार पुढे ढकलता येतात. पण हे अंतर्भूत ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅममधूनच उसने घेते. एकच स्टिक बसवली की त्याचा वेग बराच घसरतो. थोडक्यात, ज्याने कार्ड वाचवले त्यालाच रॅमच्या दोन स्टिक घ्याव्या लागतात. आठ-आठच्या दोन घ्याव्यात की सोळाची एक घेऊन दुसरीची वाट पाहावी, हा निर्णय पूर्वी दुकानदार चहा येईपर्यंत उरकत असे. आता त्यावर घरात दोन दिवस चर्चा होऊ शकते.

काटकसर कोठे करू नये, हेही याच संदर्भात पाहायला हवे. रॅमचे पैसे भरून काढण्यासाठी हात बहुधा एसएमपीएसवर पडतो, कारण तो कॅबिनेटच्या आत असतो आणि कोणाला दिसत नाही. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर पन्नास हजारांचा संगणक चालवणे, विशेषतः जिथे वीज वारंवार जाते-येते त्या गावात, हा सारा खर्च टांगणीला लावण्याचा प्रकार आहे. तीच गोष्ट ‘ट्रे’ प्रोसेसरची. खोक्यातील प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ‘ट्रे’वर बहुधा दुकानदाराचा शब्द. हजार-दीड हजार वाचतात खरे, पण लातूर किंवा सांगलीच्या विद्यार्थ्याने तो शब्द वसूल करायला मुंबई गाठायची कधी?

दिल्लीच्या धोरणात हा विद्यार्थी कोठे आहे, हे शोधायला गेले तर तो फारसा सापडत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान हार्डवेअरसाठी १७ हजार कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्या कक्षेत लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन संगणक, सर्व्हर आणि अतिलघु आकाराचे संगणक येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयात परवान्याची जी घोषणा झाली आणि विरोधानंतर सौम्य करण्यात आली, तिचीही यादी हीच. टेबलाखाली ठेवला जाणारा साधा टॉवर दोन्हीकडे नाही. जागतिक माहिती तंत्रज्ञान करारामुळे संगणकाच्या बहुतांश सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क नाही, ही जमेची बाजू. मात्र १८ टक्के जीएसटी आहे आणि तो वाढलेल्या किमतीवर लागतो. दहा हजारांच्या स्टिकवरील कर साहजिकच पाच हजारांच्या स्टिकवरील कराच्या दुप्पट. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनच्या ज्या प्रकल्पाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तो चिपची जुळणी व चाचणी करणारा आहे. वेफर तेथे बनत नाहीत, त्यामुळे जागतिक टंचाईत त्याचा विद्यार्थ्याला थेट आधार नाही.

विसंगती अशी की, ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेने ही टंचाई आणली, तिच्याच नावाने महाविद्यालयांत नव्या शाखा भरत आहेत. एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवल्यावर संगणकाशी निगडित जागा वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेतून सामाईक वापरासाठी जीपीयू उपलब्ध होत आहेत. ते उपयुक्तच आहे. परंतु दूरच्या सर्व्हरवर प्रयोग चालवण्याआधी तो कागदावर आणि मग स्वतःच्या यंत्रावर चुकतमाकत उभा करावा लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते. त्या पाहणीत लॅपटॉप आणि टॅब्लेटही संगणक म्हणूनच धरले होते.

शैक्षणिक कर्जाची वाट आहे, पण अरुंद. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास वाजवी किमतीच्या संगणकाचा खर्च कर्जात धरण्याची तरतूद आहे, आणि बऱ्याच पालकांना ती ठाऊक नसते. अडचण व्यवहारात येते. कर्जाची रक्कम सहसा थेट विक्रेत्याला दिली जाते. एकाच दुकानाचे, जीएसटी क्रमांकासह, एकरकमी कोटेशन बँकेला सोयीचे. असेंबल्ड संगणकाची गंमत नेमकी उलट: चार दुकाने, चार बिले आणि निम्मे भाग वर्षभराने. त्यामुळे कर्ज काढणारा विद्यार्थी आपोआप लॅपटॉपकडे ढकलला जातो. तो त्याला हवा आहे की नाही, हा प्रश्न फॉर्मवर नसतो. सर्व भाग एकाच दुकानातून घेऊन जुळणीसह एकच बिल करून घेणे, त्यासाठी थोडे अधिक मोजावे लागले तरी, हा मार्ग कर्ज काढणाऱ्यांसाठी तूर्तास त्यातल्या त्यात बरा.

उरतो वापरलेल्या मालाचा बाजार. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० ची मोफत सुरक्षा अद्ययावते थांबली. विंडोज-११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्याने सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे कार्यालयांतून बाहेर पडण्याला गती मिळाली. यांतील अनेकांत डीडीआर-४ रॅम आहे. वेगाने कमी, पण एएम-४ च्या बोर्डावर सहसा चालून जाणारी. घेताना मात्र स्टिक हातात धरून पाहावी. छोट्या आकाराच्या कार्यालयीन यंत्रांतून काढलेली स्टिक लॅपटॉपच्या मापाची, आखूड असते आणि डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसत नाही. सर्व्हरमधून आलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम दिसायला अगदी तशीच असते, भावही मोहात पाडणारा असतो. ती घरच्या बोर्डावर सुरूच होत नाही.