नाना की बाबा? बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, बीड यांस,


मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांतली निजामकालीन दप्तरे सुटली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे धुंडाळली गेली. हे काम मोठे आहे आणि कर्मचाऱ्यांनी ते खपून केले. पण सापडलेल्या नोंदीतला माणूस आपलाच पणजोबा आहे, हे दाखवण्याचे ओझे अजून जातीचा दाखला मागणाऱ्या एकट्या अर्जदारावर आहे. माझे म्हणणे त्याविषयी आहे.

हैदराबाद गॅझेटिअर लागू करणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर अनेकांना वाटते की ते उघडले की पूर्वजाचे नाव निघेल. तसे होत नाही. संस्थानात १८८१ पासून जनगणना झाली, पण छापील खंडांत जातवार आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. नावांचे मूळ तक्ते मोजणीनंतर जपून ठेवायची पद्धतच नव्हती. म्हणून नाव शोधायचे ते गावच्या कागदांतच, आणि ते कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत.

घाईत लिहिणारा उर्दू कारकून नुक्ते गाळतो. नुक्ते गेले की ‘नाना’ आणि ‘बाबा’ यांचा सांगाडा एकच राहतो. ‘बापू’ आणि ‘बाबू’ यांचाही. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे रखमा की रुखमा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. उर्दूत ळ आणि ण नाहीत, म्हणून शेळक्यांचे शेलके होतात आणि गणपतचा गनपत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात. सालही फसली. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. ५९० मिळवायचे राहिले तर वंशावळीच्या पिढ्या जुळत नाहीत. गावांचेही तेच. आज अंबाजोगाईचा माणूस जुन्या कागदात मोमिनाबाद हे गावाचे तेव्हाचे नाव शोधत नाही.

लिपीचा गुंता सुटला तरी माणसांची रीत उरते. त्या काळी आडनाव लिहायची सक्ती नव्हती. ‘ग्यानू वल्द सखाराम’ एवढ्यावर भागत असे. तोच माणूस शाळेच्या रजिस्टरात ज्ञानोबा आणि नातवाच्या दाखल्यावर ज्ञानदेव होतो. गावाला त्यात काही वावगे दिसत नाही, पण कार्यालयात ती तीन माणसे ठरतात. बायकांची गोष्ट याहून कठीण. वारस म्हणून लागलेली विधवा फक्त नवऱ्याच्या नावापुढे सापडते, तिचे माहेर कागदावर नसतेच. मला हे सगळ्यांत जास्त लागते. आईकडचे कूळ शोधणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच येत नाही.

हा प्रश्न एका समाजाचा नाही. जात सिद्ध करण्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या दलित वस्तीपासून वंजारी वाड्या आणि बंजारा तांड्यांपर्यंत सगळे याच कागदांच्या दारात उभे आहेत. स्वातंत्र्यपूर्व कागदाचे पुरावामूल्य स्वातंत्र्योत्तर कागदापेक्षा जास्त, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद खटल्यात म्हटले. वजन जुन्या कागदाला, आणि वाचायला तोच सर्वांत अवघड.

म्हणून मागणे असे. देवनागरी लिप्यंतराशेजारी मूळ पानाची प्रतिमा असावी. जिथे दोन वाचने शक्य आहेत तिथे दोन्ही लिहावीत आणि वाचकाने सही करावी. एकाच गटाची जमीन, एकच बाप, एकच गाव जुळत असेल, तर केवळ अक्षराच्या फरकावरून प्रकरण परत पाठवू नये, असे लेखी निर्देश तहसील पातळीवर जावेत. पुरावा ढिला करा असे मी म्हणत नाही. खोटी नोंद घुसवणाऱ्यालाही मूळ प्रतिमाच उघडे पाडते.

आणि एक. सातबाऱ्याचे चावडी वाचन आपल्याकडे झालेले आहे. तसेच या जुन्या नोंदींचे, नावांसकट, गावोगाव वाचन घ्या. ग्यानू म्हणजे कोणाचा आजा, हे सांगू शकणारी ऐंशी-पंच्याऐंशीची माणसे अजून आहेत. त्यांचे जबाब पंचांसमोर नोंदवून मूळ नोंदीला जोडता येतील.

मात्र हे दिवाळीपूर्वी व्हावे. नंतर निम्मी गावे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि पाच-सहा महिने गावात ऐकायला म्हातारेच राहतात. सांगणारे आणि ऐकणारे दोघेही एका जागी हवेत.

कळावे,
आपला,
गेवराई तालुक्यातला एक मोडीवाचक