जपान जवळच आहे म्हणे!

हिंजवडीत 'ऑनसाईट' हा शब्द निघाला की लोकांचे सरळ दोन गट पडतात. अमेरिकावाले आणि जपानवाले. अमेरिकावाल्यांना सोळा-सोळा तास विमानात काढावे लागतात म्हणून त्यांच्याबद्दल सगळ्यांना सहानुभूती. जपानवाल्याला मात्र लगेच सुनावलं जातं, "तुझं काय बाबा, आठ तासांचा प्रश्न. रात्री जेवून झोपायचं, सकाळी टोकियो!"

माझं स्पष्ट मत असं आहे की जपानचा प्रवास अंगावर येतो तो या 'आठ तासां'मुळेच. आठ तास म्हटलं की तयारी कोणी करत नाही, मॅनेजर विश्रांतीचा दिवस देत नाही आणि आपणही मागत नाही.

जरा हिशोब मांडून बघू. पुण्याहून जपानला थेट विमान नाही. समजा मुंबई-दिल्ली-टोकियो असं तिकीट निघालं. माणहून (आयटी पार्कचा फेज थ्री मुळशीतल्या माण गावातच येतो) एक्सप्रेसवेने मुंबई विमानतळ म्हणजे ट्रॅफिक धरून चार तास. विमानतळावर तीन. दिल्लीपर्यंत सव्वादोन. तिथे पुन्हा तीन. मग ते सुप्रसिद्ध आठ. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून एक. नारिता विमानतळ टोकियोपासून साठेक किलोमीटरवर, म्हणजे घरी पोचेपर्यंत आणखी दीड-दोन. बेरीज करा. बावीस-तेवीस तास होतात, आणि त्यातले बहुतेक खुर्चीत! शिवाय निघायच्या दिवशी आपण ऑफिसमध्येही खुर्चीतच बसलेलो असतो, कारण 'हँडओव्हर' पूर्ण करायचा असतो.

आता झोपेचं गणित. दिल्लीहून रात्री नऊला निघालेलं विमान टोकियोत सकाळी आठच्या सुमारास उतरतं. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आपल्या शरीराच्या लेखी पहाटेचे साडेचार. मधल्या साडेसात तासांतून जेवणाचा पहिला दीड तास आणि नाश्त्याचे, उतरायच्या तयारीचे शेवटचे दोन तास वजा करा. उरले चार. त्यात शेजारचा दोनदा उठणार. अमेरिकेच्या विमानात निदान दोन झोपा होतात, जपानच्या विमानात धड एकही नाही. आणि दहा वाजता क्लायंटकडे मीटिंग, म्हणजे आपल्या साडेसहाला. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने पुढे सरकतं. साडेतीन तास भरून यायला तीन-चार दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात महत्त्वाच्या मीटिंगांचे असतात.

विमानाच्या आतल्या हवेचं तर वेगळंच प्रकरण. केबिनमधला दाब जमिनीवरचा नसतो. तो 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतका असतो. ड्रीमलायनरमध्ये तो 6,000 फुटांच्या आसपास ठेवतात. कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या विमानातही आपण रात्रभर कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. पोटातला वायू तिथे फुगतो, म्हणून निघायच्या आधी मिसळ किंवा छोल्यांवर ताव मारू नये (शेजाऱ्याचाही विचार करावा :-)). आर्द्रता बहुतेक वेळ 20 टक्क्यांच्या खाली. जुलैत ताम्हिणीकडच्या ओल्या हवेतून निघालेला माणूस एका रात्रीत वाळवंटात जाऊन पडतो. घसा, डोळे, नाक सगळं कोरडं. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, पाणी मागून घ्या आणि फुकट मिळते म्हणून बिअर पिऊ नका. तिने गुंगी येते, झोप येत नाही.

असो, हे झाले त्रास. खरी काळजी वेगळीच आहे.

बराच वेळ पाय न हलवता बसलं की पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो फक्त विमानात नव्हे, तर गाडीत, बसमध्ये, ट्रेनमध्येही. घाबरून जायचं कारण नाही, निरोगी माणसाला हा धोका सहा हजारांत एक इतका कमी आहे. पण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आधी कधी झालेली गुठळी यांपैकी काही असेल तर हिशोब बदलतो.

"आपण तरुण आहोत, आपल्याला काय होतंय" असं वाटत असेल तर जपानचाच दाखला देतो. नाओहिरो ताकाहारा हा त्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा स्ट्रायकर. 2002 मध्ये युरोपातून परतीच्या विमानप्रवासानंतर त्याला हाच आजार झाला. वय 22, धंदा पळण्याचा! आणि स्वतःच्या देशात होणारा विश्वचषक त्याला मुकावा लागला. पुढे ऑक्टोबर 2004 मध्ये नीगाता भागात भूकंप झाला, तेव्हा घरात जायची भीती वाटून लोक रात्र-रात्र गाडीत झोपले, आणि त्यातले काही जण याच गुठळ्यांनी गेले. तिथली वर्तमानपत्रं त्यालाही 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम'च म्हणाली. विमान नव्हतं, फक्त बसून राहणं होतं. म्हणूनच मी एक्सप्रेसवेचे चार तास या हिशोबात धरतो.

येताना प्रवास दीडेक तासाने लांबतो, कारण जपानवर वाहणारा जोरदार पश्चिमी वारा समोरून येतो. हा वारा प्रथम पद्धतशीर मोजला तो ओइशी वासाबुरो या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, 1920 च्या दशकात, फुगे सोडून. बिचाऱ्याने निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले आणि जगाने फारसं लक्ष दिलं नाही! हिवाळ्यात या वाऱ्याचा जोर वाढतो, हादरे बसतात, पट्ट्याचा दिवा वारंवार लागतो आणि उठता येत नाही. तेव्हा दिवा विझला की लगेच एक फेरी मारून यावी.

उपाय साधे आहेत. आतल्या बाजूची सीट घ्या, खिडकीवाला उठायला संकोचतो. दर तासाला पाऊल वर-खाली करून पोटरी हलवा. पोटरीपर्यंतच्या घट्ट मोज्यांचा (कॉम्प्रेशन सॉक्स) उपयोग होतो हे चाचण्यांमधून दिसलेलं आहे. झोपेची गोळी नको, आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने नको. जमलं तर पुणे-दिल्ली-टोकियो असं एकाच तिकिटावर घ्या, एक्सप्रेसवे तरी वाचतो. पोचल्यानंतर काही आठवड्यांत एकाच पायाला सूज-दुखणं, छातीत कळ किंवा दम लागणं असं काही झालं तर 'प्रवासाचा शीण' म्हणून सोडू नका. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर 119.

निशी-कासाईत राहणाऱ्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी जाणारे आईबाबा, हा आणखी एक मुद्दा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याच्या मापापर्यंतच सहज नेता येतात. जास्त न्यायची तर 'युन्यू काकुनिन-शो' हे प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असतं, त्यांना तिथे बंदी आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साडेतीन तासांच्या फरकाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

पण मोजे घालून आणि पाणी पिऊन सगळा प्रश्न सुटत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या प्रवासाच्या नियमांत सवलती ठरतात त्या विमान हवेत किती तास आहे यावर. जपान त्यात बरोबर सीमारेषेखाली बसतो. बिझनेस क्लास कोणी मागत नाही हो! मागणी एवढीच, की तास घरापासून घरापर्यंत मोजा आणि पोचल्यावर एक पूर्ण दिवस द्या. जो माणूस रात्रभर झोपलेला नाही, त्याच्याकडून प्रॉडक्शन सर्व्हरवर काम करून घेताना कंपनीलाच भीती वाटायला हवी. एका दिवसाचं हॉटेलभाडं वाचवून चुकीचा रिलीज मिळवणं हा कुठला व्यवहार?

आणि हे मागणं आपल्यालाच मागावं लागेल. 'ॲडजस्ट करतो सर' म्हणायची आपली सवय इतकी जुनी आहे की ट्रॅव्हल डेस्कलाही तोच नियम वाटू लागलाय. पुढच्या वेळी तिकीट आलं की उत्तरादाखल वरची बेरीज पाठवून बघा. आठ नव्हे, तेवीस तास. बेरीज त्यांनाही येते.