युनिट तेच, कार्बन वेगळा

महावितरणच्या उच्चदाब वीजबिलात रात्री 10 ते सकाळी 6 या ‘ए’ झोनला युनिटमागे 1 रुपया 50 पैसे सूट आणि संध्याकाळी 6 ते रात्री 10 या ‘डी’ झोनला 1 रुपया 10 पैसे अधिभार, अशी रचना अनेक वर्षे होती. त्यामुळे मागणी व्यवस्थापन, म्हणजे ग्रिडच्या सोयीने वीजवापराची वेळ बदलणे, याचा व्यवहारातला अर्थ जड भार रात्रपाळीत चालवणे असाच झाला.

या रचनेने संध्याकाळचा ताण हलका केला, तरी तेवढ्याने कार्बन घटला असे ठरत नाही. देशाच्या ग्रिडचे सरासरी उत्सर्जन युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड असले, तरी येथे हिशेबाला लागते ते सीमान्त उत्सर्जन, म्हणजे त्या घटकेला वापर एका युनिटने वाढल्यास जे केंद्र उत्पादन वाढवते त्याचे उत्सर्जन. ते केंद्र कोळशाचे असल्यास हा आकडा 0.9 किलोच्या आसपास जातो. रात्री 8 चा भार पहाटे 2 वाजता नेला आणि दोन्ही वेळी कोळसाच जळत असला, तर बिल उतरते, धूर तेवढाच राहतो.

केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौरतासांचा, म्हणजे दिवसा सौरवीज मिळते त्या वेळेचा, दर सामान्य दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवण्याची दिशा दिली, ती म्हणूनच महत्त्वाची आहे. मात्र दुपारचा लाभही सरसकट नसतो. सौरवीज वाया जात असताना 100 युनिटे संध्याकाळवरून दुपारी आणली, तर सुमारे 90 किलो उत्सर्जन टळू शकते. पण त्या घटकेलाही वाढीव वीज सोलापूरजवळील फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पातील 660 मेगावॉटच्या संचांसारख्या कोळसासंचांतून येत असेल, तर बचत नाममात्र उरते.

सोलापूरजवळच्याच चिंचोळी एमआयडीसीतील रसायन आणि औषध कारखान्यांत रिॲक्टरमधील बॅच अर्ध्यावर थांबवता येत नाही; परंतु टाकीत पुरेशी साठवण असल्यास ब्राइन, म्हणजे थंडाव्यासाठी फिरवले जाणारे खारे पाणी, आधी थंड करून ठेवता येते आणि उंच टाकीत पाणी चढवण्याचे पंप दुपारी चालवता येतात. साठवणीतील गळती मात्र वजा धरावी लागते. संध्याकाळचा भार डिझेल जनरेटरवर टाकणे ही तर निव्वळ धूळफेक ठरते, कारण लिटरमागे सुमारे 2.7 किलो उत्सर्जन आणि साधारण साडेतीन युनिटे वीज धरली, तर युनिटमागे पाऊण किलोहून अधिक कार्बन कारखान्याच्या आवारातच सुटतो.

ऊर्जा व्यवस्थापकांनी यापुढे मीटरमधील भाराची नोंद बिलाच्या झोनबरोबरच ग्रिडच्या त्या त्या वेळच्या वीजमिश्रणाशीही ताडून पाहावी आणि ताळेबंदात वाचलेले रुपये व टळलेला कार्बन यांचे रकाने वेगळे ठेवावेत.